नागपुरात थर्मोस्टॅट लागत नाही

मे महिन्यात नागपुरात कोणाचीही गाडी गरम झाली की पहिला आरोपी ठरलेला असतो. ऊन. बॅटरी बसली, ऊन. टायर फुटला, ऊन. सायलेन्सर गळून रस्त्यात पडला तरी गिऱ्हाईक कपाळावरचा रुमाल पिळत म्हणणार, "ऊनच तसं तपून राहिलं ना बाप्पा." आम्हा मिस्त्री लोकांनी या समजुतीला कधी धक्का लावला नाही. पोटावर पाय देऊन घेण्याची कोणाला हौस असते?

दुसरा आरोपी मागचा मिस्त्री. बोनेट उघडायचं, आत पाहायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि विचारायचं, "कोण्या गाढवानं उघडली होती ही गाडी?" हे वाक्य मी पाना धरायच्या आधी शिकलो. माझ्या उस्तादांनी त्यांच्या उस्तादांकडून घेतलं होतं. याचे फायदे पुष्कळ. गिऱ्हाइकाला वाटतं, आता आपण योग्य माणसाकडे आलो. आपल्याला विचार करायला पाच मिनिटं मिळतात. आणि मागचा मिस्त्री उत्तर द्यायला तिथे नसतो. मोठमोठे डॉक्टरही आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी पाहून भुवई वर करतात, फक्त ते गाढव म्हणत नाहीत.

या दोन आरोपींच्या भरवशावर मी छिंदवाडा रोडवर अडतीस वर्षं गॅरेज चालवलं. लोक मला परभाकर मिस्त्री म्हणतात. गेल्या वर्षी शटर कायमचं ओढलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि तो दुकानदारही मोबाइल गरम झाला की उन्हाकडेच बोट दाखवतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "इंजिन गरम काहून होते ते लोकाईले समजन असं लिहा." लिहितो. पण संपूर्ण लिहायचं तर तिसऱ्या आरोपीचं नावही सांगावं लागेल.

आधी इंजिनाची गोष्ट. इंजिन म्हणजे लोखंडाच्या खोलीत पेटवलेली चूल. त्या चुलीच्या भिंतीत पाणी फिरतं. पंप पाण्याला ढकलतो, पाणी उष्णता घेऊन गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, तिथे वाऱ्याने निवतं आणि पुन्हा आत जातं. यात पाणी गळत असेल, पंप मेला असेल, जाळी चोंदली असेल किंवा पंखा फिरत नसेल, तर काटा चढतो. मिस्त्रीने करायचं एवढंच की हात लावून पाहायचं, पाणी कुठपर्यंत पोचतंय आणि कुठे अडतंय. काम सोपं आहे. अवघड गिऱ्हाईक असतं, कारण ते गाडीसोबत निदान घेऊन येतं.

इतवारीतले एक किराण्याचे शेठ होते. त्यांची गाडी अशी तापायची की बोनेटवर पापड भाजावा. मी समोर जाऊन पाहतो तर जाळीपुढे कूलरची वाळ्याची ताटी सुतळीने घट्ट बांधलेली.

"शेठ, हे काय?"

"वाळा आहे. पाण्यानं भिजवून लावला. घर थंड होते त् गाडी काहून नाई होणार?"

"अन् वारा कुठून जाईल?"

"कूलरमंधून कसा जाते?"

"कूलरची मोटर वरून पाणी टाकत राह्यते शेठ. तुमची ताटी दुकानापासून इथपर्यंत सुकून पत्रा झाली."

शेठ विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजे पाणी टाकाले बोनेटवर एक माणूस बसवा लागन." मी सुतळी कापली आणि गाडी निवली. शेठ आजपर्यंत सांगतात की परभाकरच्या हाताला गुण आहे. हा किस्सा सांगून मी पुढे कित्येक वर्षं लोकांना हसवलं. शेठने तर फक्त वारा अडवला होता, आणि तो सुतळीने. मी काय केलं होतं ते आता सांगतो.

रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर इंजिनात एक छोटी वस्तू बसवलेली असते. थर्मोस्टॅट. लिंबाएवढा जीव. हे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन थंड आहे तोवर दार बंद. पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. ठरलेली गर्मी झाली की त्यातलं मेण फुगतं, दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे निघतं.

माझे उस्ताद हे दार पहिल्याच दुरुस्तीत काढून फेकायचे. "हे थंड मुलखातल्या लोकाईसाठी आहे," ते म्हणायचे. "नागपुरात गाडी सावलीत उभी असली तरी गरम राह्यते. इथं दार कशाले पाह्यजे? चोवीस घंटे उघडं ठेव." जुन्या गाड्यांत ते खपूनही जायचं, काटा खाली राहायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. कंपनीला नागपूर कळत नाही, या मुद्द्यावर आमच्या शहरात कधी मतभेद झालेले नाहीत. "साहेब, नागपुरात थर्मोस्टॅट लागत नाही," असं मी ऐटीत म्हणालो की गिऱ्हाइकाची छाती दोन बोटं फुगायची. आपल्या उन्हाचा एवढा मान कोण ठेवतो?

काढलेले थर्मोस्टॅट मी फेकत नसे. दुधाच्या पावडरचा एक मोठा डबा होता, त्यात टाकायचो. डबा भरत आला तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा, तेही कबूल करतो.

आता देवतळे साहेब. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये त्यांनी आयुष्य काढलं. दर तासाला आकडे पाहायचे आणि लॉगबुकात लिहायचे, ही त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर कॉलनी सोडून तिथेच जवळ छोटं घर बांधलं, पण आकडे कुठून आणायचे हा प्रश्न उरला. तो त्यांच्या पांढऱ्या डिझेल गाडीने सोडवला. गाडीच्या खणात कायम एक वही. त्यात पट्टीने आखलेले रकाने: वेळ, ठिकाण, काटा कुठे, शेरा. आणि शेवटचा रकाना, 'कोणी केले'. "प्लांटमंधी एक व्हॉल्व फिरवला तरी फिरवणाऱ्याचं नाव लिवा लागते," ते सांगायचे. "नाव नसन त् लॉग पुरा होत नाई." मी मागे वळून हसायचो. हवा भरली तरी ते लिहीत.

आठ वर्षं गाडी घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढीच फिरली. मग वहिनींची किडनी गेली. देवतळे वहिनी म्हणजे उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. आठवड्यातून तीन दिवस त्यांना डायलिसिससाठी धंतोलीतल्या एका दवाखान्यात न्यायचं होतं. मुलगा परदेशी, बसमध्ये त्यांच्याने बसवत नसे, म्हणून साहेब स्वतः गाडी चालवायचे. सकाळी दहाची पाळी. मशीन मोजकी, पाळी चुकली तर ती दुसऱ्याची. मे महिना लागला, एसी पूर्ण सुरू, कोराडी रोडला गाडीने वेग घेतला की काटा चढायला लागला. मानकापूरचा पूल चढेपर्यंत तो लालात जायचा.

साहेब वही घेऊन माझ्याकडे आले. मी वही पाहिली नाही, आभाळाकडे पाहिलं. "ऊन आहे साहेब." आणि रेडिएटरचं झाकण बदललं. "आता काही नाई होत."

चार दिवसांनी परत आले. मी पंख्याची मोटर बदलली. "आता काही नाई होत."

मग रेडिएटर उतरवला. आतून माती निघाली, ती मी साहेबांना बोटावर घेऊन दाखवली. माती सापडली की मिस्त्रीला पुरावा सापडल्याचा आनंद होतो. तो खरा गुन्हेगार आहे का, हे कोण विचारतो? चौथ्या वेळेस पाण्याचा पंप बदलला. साहेब प्रत्येक वेळी शांतपणे वहीत लिहायचे. मी एकदा खांद्यावरून डोकावलो तर शेऱ्याच्या रकान्यात एकाखाली एक चार वेळा तेच लिहिलेलं: 'मिस्त्री म्हणाले, आता काही होत नाही.' पुढे चारही वेळा माझं नाव.

वहिनी गॅरेजमध्ये कूलरपुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. त्यांना दिवसभरात प्यायचं पाणी मोजून दिलेलं होतं, कारण प्यालेलं पाणी अंगातून बाहेर जात नाही, साठतं. नागपूरच्या मे महिन्यात! पहिल्या दिवशी मी पूर्ण कप चहा दिला. त्यांनी दोन घोट घेऊन खाली ठेवला. मी विचारलं, "साखर कमी झाली का वहिनी?" तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून मी स्वतः माप धरून अर्धा कप द्यायला लागलो. एकदा मी गाडीत पाण्याची कॅन रिकामी करत होतो, त्या टक लावून पाहत होत्या.

"पाहा भाऊ," त्या म्हणाल्या, "गाडीले कॅनच्या कॅन, अन् मले अर्धा कप. पुढल्या जल्मी रेडिएटरच व्हावं म्हणते मी."

साहेब म्हणाले, "काही बोलतं वं तू."

"मंग काय करू? तुमी वहीत लिवून राहिले, भाऊ पाने फिरवून राहिले. मी बोलाचं बी नाई?"

मी हसलो. पण ती कॅन खाली ठेवताना मला स्वतःची लाज वाटली, हे आज लिहिल्यावाचून राहवत नाही. चार वेळा मी त्यांना "आता काही नाई होत" म्हणून पाठवलं होतं आणि चारही वेळा मला खात्री नव्हती.

पंप बदलल्यावर आठवडाभर गाडी नीट चालली, कारण आभाळ होतं. मग एका सोमवारी ऊन पडलं आणि कोराडीच्या पुढे गाडीने वाफ सोडली. साहेबांनी गाडी कडेला घेतली. तिथे झाड नव्हतं. ऑटो मिळेपर्यंत वहिनी दुपट्टा डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या होत्या. दवाखान्यात पोचल्या तेव्हा मशीनवर दुसरं कोणी होतं. पुढच्या पाळीत त्यांना निम्माच वेळ मिळाला. दुसऱ्या दिवशी श्वास लागला आणि तीन दिवस भरती ठेवावं लागलं.

हे मला साहेबांनी फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही. वेळा सांगितल्या, जशा वहीत लिहिल्या असतील तशा. "नऊ वाजून दहा मिनिटं, काटा लालात. नऊ पंधरा, गाडी बंद. नऊ पन्नास, ऑटो." मी "हाव साहेब, हाव साहेब" करत होतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. त्यांची गाडी टोचन करून आणली आणि तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो. आमच्या धंद्यात रिकामं बसलेल्या मिस्त्रीला सल्ला द्यायला अख्खा रस्ता मोकळा असतो. पानवाला म्हणाला हेड गॅस्केट गेलं. शेजारचा टायरवाला म्हणाला डिझेलमध्ये भेसळ. एक निवृत्त मास्तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आले, त्यात एक माणूस रेडिएटरमध्ये अंड्याचा बलक टाकत होता. मी सगळ्यांना हाव म्हटलं. नाई म्हटलं तर ते थांबून समजावून सांगतात.

वहिनींना दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा साहेब त्यांना भाड्याच्या गाडीने घेऊन निघाले आणि वाटेत गॅरेजवर थांबले. मी खुर्ची दिली, अर्धा कप दिला. गाडी तिथेच उभी, इंजिन सुरू ठेवलेलं, एसी लावलेला, आणि मी पाय देऊन वेग वाढवत होतो. काटा चढत होता. मी उतरून रेडिएटरला हात लावला. इंजिन उकळत होतं आणि रेडिएटर मात्र कोमट. एवढी गर्मी असताना हात ठेवता यायलाच नको होता.

"कशी तब्येत आहे वहिनी?"

"आता बरी आहे. पण तुमाले एक गंमत सांगते भाऊ. मागच्या महिन्यापासून माह्या रिपोर्टमंधी काही फरकच नोहता. चार चार घंटे मशीनवर पडून राहो, अन् रिपोर्ट तसाच. भरती होती तवा त्या टेक्निशियन पोराच्या ध्यानात आलं. तो म्हणे, काकू, तुमच्या हातातल्या नळीत आडरस्ता झाला. मशीननं साफ केलेलं रगत अंगात फिरतच नोहतं, तिथल्या तिथं वळून पुन्हा मशीनमंधीच येऊन राहिलं होतं. म्हंजे मशीन चालू, मी पडली आहो, सारे मेहनत करून राहिले, अन् रगत आपलं तेच ते. डॉक्टरनं हात दुरुस्त केला त् झालं बरोबर."

मी रेडिएटरवर हात तसाच ठेवून उभा राहिलो. तेच ते. तिथल्या तिथं.

नव्या इंजिनांत एक आडरस्ता असतो. गाडी थंड असताना पाणी त्या आडरस्त्याने इंजिनातल्या इंजिनात फिरतं. थर्मोस्टॅटचं वरचं दार उघडलं की त्याची खालची चकती हा आडरस्ता बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जायलाच पाहिजे. ती खालची चकती मी शेकडो वेळा पाहिली होती. ती कशासाठी आहे, असं मात्र कधी विचारलं नव्हतं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर आडरस्ता उघडाच राहणार. बाजारापर्यंत चालून जाईल, पण वेगात, चढावर, एसी लावून? निम्मं पाणी रेडिएटरचं तोंडच पाहणार नाही.

मी इंजिन बंद केलं. निवायला वेळ दिला, तोही मोठ्या मुश्किलीने. मग पाइप काढला, दोन बोल्ट काढले, थर्मोस्टॅटच्या घरावरचं झाकण उचललं. आत बिघडलेला थर्मोस्टॅट असेल असं वाटलं होतं. आत काहीच नव्हतं. घर रिकामं.

पानवाला, टायरवाला, मास्तर, सगळे वाकून पाहत होते. माझे हात कमरेवर गेले. अडतीस वर्षांची सवय, डोक्याच्या आधी तोंड उघडतं. मी दणदणीत आवाजात विचारलं, "कोण्या गाढवानं काढला ह्याचा थर्मोस्टॅट?"

टायरवाल्याने मान हलवली. मास्तर म्हणाले, "आजकाल कोणालाच काम येत नाही."

वहिनी खुर्चीवरून म्हणाल्या, "अवो, तुमच्या वहीत असन ना. पाहा ना."

साहेबांनी खणातून वह्या काढल्या. तीन झाल्या होत्या. चष्मा लावला आणि सर्वांत जुनी वही उघडली. बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं, पान उलटलं, पुन्हा खाली गेलं. आणि एका ओळीवर थांबलं.

तेवढ्या वेळात मला आठवलं. गाडी नवी होती. साहेब पहिल्या सर्व्हिसिंगनंतर हवा भरायला आले होते. मीच म्हणालो होतो, साहेब, एक गोष्ट करून देतो, गाडी तुम्हाला दुवा देईल. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर लवकरच मी थर्मोस्टॅट काढणं बंद केलं होतं, ते काही अक्कल आली म्हणून नाही. नव्या गाड्यांत त्याची जागा अडचणीची आणि माझी कंबर दुखायला लागली होती.

साहेबांनी बोट उचललं. माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात ज्या माणसाने एक खोटा आकडा लिहिला नाही, त्याने वही मिटली आणि सगळ्यांपुढे सांगितलं, "नाई. इथं काही लिवलेलं नाई."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चहाचा कप उचलला.

मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. "गाढव मीच" एवढे दोन शब्द. पण समोर पानवाला होता, टायरवाला होता, मास्तरांच्या हातात मोबाइल होता. मी म्हणालो, "असन कोणी. जाऊ द्या." आणि नवा थर्मोस्टॅट आणायला निघून गेलो.

त्याच दुपारी बसवला. साहेबांच्या शेजारी बसून मी मानकापूरचा पूल चढलो, उतरलो, भर उन्हात कोराडीपर्यंत गेलो. एसी पूर्ण. काटा निम्म्यावर आला आणि तिथून हलला नाही. साहेबांनी गाडी थांबवून वहीत लिहिलं. शेवटचा रकाना लिहिताना त्यांचं पेन थांबलं, हे मी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडून मी पहिलं काम डबा उतरवायचं केलं. स्टोव्हवर पातेलं ठेवलं, पाणी उकळलं आणि एकेक थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत सोडला. चांगला असेल तर गरम पाण्यात तोंड उघडतो, बाहेर काढला की मिटतो. कित्येक वर्षं धूळ खात पडलेले जीव. एकामागून एक उघडत गेले. चार-दोन सोडले तर सगळे. त्या पातेल्यापुढे मला रडू आलं. काढताना मला वाटायचं मी गाडीतला दोष काढतोय, आणि डबाभर चांगला माल जमवत होतो.

ज्या नव्या गाड्या आठवल्या त्यांच्या मालकांना फोन केले, बोलावून थर्मोस्टॅट बसवून दिले. का बसवताय, असं विचारलं की सांगायचो, "नवीन नियम आला आहे." काढताना उस्तादांचा शब्द आणि बसवताना नवा नियम, मध्ये परभाकर मिस्त्री कुठेच नाही. कंपनीला नागपूर कळत नाही हे मी इतकी वर्षं सांगितलं. आता कंपनीला कळलं असं सांगायला लागलो. लोकांनी तेही मान हलवून ऐकलं.

वहिनी त्यानंतर दोन वर्षं होत्या. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहाची पाळी. गाडीपायी एकही चुकली नाही. परतताना कधीकधी गॅरेजवर थांबायच्या, अर्धा कप घ्यायच्या, पानवाल्याची खोडी काढायच्या. मी प्रत्येक वेळी ठरवायचो की आज सांगू. प्रत्येक वेळी कोणीतरी गिऱ्हाईक उभं असायचं. नसलं तरी मला ते दिसायचं.

यंदा पोळ्यानंतर देवतळे साहेब घरी आले. हाताखाली वह्यांचा गठ्ठा. गाडी विकली म्हणाले, घेणाऱ्याला वह्या सोबत द्यायच्या आहेत.

"त्याले काय कामाच्या साहेब?"

"कामाच्या असो नसो. गाडीसंगं लॉग जाते." त्यांनी एक वही उघडून माझ्यासमोर ठेवली. "पण एका जागी नाव राहून गेलं, मिस्त्री. मोकळा रकाना ठेवून लॉग देता येत नाई."

तोच दिवस होता. चौकोनी अक्षरात लिहिलेलं: 'दोष सापडला. थर्मोस्टॅट काढलेला होता. नवा बसवला. काटा निम्म्यावर.' पुढे शेवटच्या रकान्यात 'कोणी काढला' असं लिहून जागा कोरी. जुन्या वहीत माझं नाव होतंच. ते कोणालाही उलटून पाहता आलं असतं. ही जागा मात्र त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती, आणि इतकी वर्षं एकदाही विचारलं नव्हतं.

खोलीत आम्ही दोघंच होतो. तरी मी आधी दाराकडे पाहिलं. मग पेन मागितलं आणि लिहिलं: प्रभाकर मिस्त्री. साहेबांनी नाव वाचलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि नावापुढे वेळ लिहिली.

वही मिटणार एवढ्यात मला त्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलेलं काहीतरी दिसलं. अक्षर साहेबांचं नव्हतं, वाकडंतिकडं होतं, सलाइनच्या हाताने लिहिल्यासारखं.

"हे?"

"हे तिचं आहे," साहेब म्हणाले. "खोडू नोका म्हणे."

मी चष्मा पुसून वाचलं. 'गाढव कोण ते मले त्याच दिवशी समजलं. पण चहा तो बरोब्बर अर्धा कप देते.'